गच्चीवरचा सोलर अपड्राफ्ट टॉवर: वीज किती निघते आणि बांधायचा कसा, पहिल्यापासून

ज्यांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलंय त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. जमिनीपासून थोडं वर एक पारदर्शक छप्पर टाकायचं, काचेचं किंवा प्लास्टिकचं, कडा चारही बाजूंनी उघड्या. ऊन आत येतं, जमीन तापते, आणि जमिनीमुळे छपराखालची हवा तापते. मधोमध उंच नळकांडं उभं केलेलं असतं, गरम हवा हलकी म्हणून ती त्यातून वर जाते आणि तिची जागा भरायला कडेने बाहेरची हवा आत ओढली जाते. नळकांड्याच्या बुडाशी पंखा बसवला की तो फिरतो, पंख्याला जनरेटर जोडला की वीज. इंधन नाही, पाणी लागत नाही, फिरणारा भाग एकच.

कल्पना इतकी सरळ आहे की ऐकल्या ऐकल्या वाटतं चला गच्चीवर एक उभा करू आणि लाइट बिल कमी करू. तर बिल कमी होणार नाही, हे आत्ताच सांगतो, आणि का होणार नाही ते पहिल्याच स्टेपला आकड्यांत दाखवतो. तरीही हा टॉवर बांधण्यासारखा आहे असं माझं ठाम मत आहे, कारण उष्णता, हवा, दाब आणि वीज यांचा एकमेकांशी काय संबंध आहे हे इतक्या कमी खर्चात हाताला लागेल असं दुसरं मॉडेल मला माहीत नाही. शिवाय त्याची गरम हवा वाया घालवायची नसेल तर तिचा फार चांगला उपयोग आहे, तो पुढे येईलच.

स्टेप १: आधी वही आणि पेन, सामान नंतर

जगातला सगळ्यात नावाजलेला असा टॉवर स्पेनमध्ये मान्सानारेस गावाजवळ होता, माद्रिदच्या दक्षिणेला. जर्मन इंजिनिअर यॉर्ग श्लाइख यांच्या टीमने तो जर्मन सरकारच्या संशोधन खात्याच्या पैशातून उभा केला, १९८२ पासून चालला. टॉवर १९५ मीटर उंच, नळकांड्याचा व्यास १० मीटर, आणि खालच्या छपराचा व्यास २४४ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ४६,००० चौरस मीटर, आपल्या भाषेत अकरा एकराच्या पुढे. एवढ्या सगळ्यातून जास्तीत जास्त किती पॉवर? ५० किलोवॅट. १९८७ च्या अख्ख्या वर्षात मिळून ४४ हजार युनिट.

आता हेच आपल्याकडच्या पॅनेलशी लावून बघा. महाराष्ट्रात एक किलोवॅटचं रूफटॉप सोलर दिवसाला सरासरी चार युनिट देतं असं धरलं तर वर्षाला साधारण १४६०. म्हणजे ते ४४ हजार युनिट ३० किलोवॅटच्या पॅनेलमधून निघतात आणि त्याला तीन हजार चौरस फुटांची गच्ची पुरते. अकरा एकर विरुद्ध एक बऱ्यापैकी गच्ची.

असं का होतं याचं उत्तर एका सूत्रात आहे. नळकांडं उष्णतेतला किती भाग वाऱ्याच्या जोरात बदलू शकतं ते मुख्यतः उंचीवर ठरतं: ९.८१ गुणिले उंची मीटरमध्ये, भागिले १००५ गुणिले बाहेरच्या हवेचं तापमान केल्विनमध्ये (म्हणजे सेल्सिअस अधिक २७३). १००० मीटर उंचीला हे साडेतीन टक्क्यांच्या आत येतं, १९५ मीटरला ०.६५ टक्का, आणि आपल्या २० फुटी म्हणजे ६ मीटरच्या पाइपला ०.०१९ टक्का. दहा हजार वॉट उष्णता दिली तर दोन वॉट, आणि तेही घर्षण आणि टर्बाइनचं (म्हणजे बुडाशी बसवलेल्या त्या पंख्याचं) नुकसान धरायच्या आधी. म्हणूनच या क्षेत्रातली माणसं नेहमी प्रचंड उंचीचीच स्वप्नं बघत आली, ऑस्ट्रेलियात तर १००० मीटर उंच, २०० मेगावॅटचा टॉवर बांधायचा बेत होता, तो कागदावरच राहिला.

आता आपला हिशेब. छप्पर १० फूट बाय १० फूट, म्हणजे ९.३ चौरस मीटर. एप्रिलच्या दुपारी सपाट जागेवर ८०० वॉट प्रति चौरस मीटर ऊन धरा, जास्तही असेल पण धूळ वगैरे धरून ८०० बरं. साध्या प्लास्टिकच्या छपराखाली त्यातली ३० टक्के उष्णता हवेत गेली तर २२०० वॉटच्या आसपास झाले. त्याला ०.०१९ टक्क्याने गुणा, ०.४ वॉट. यातला निम्म्याहून जास्त भाग पाइपच्या घर्षणात, वळणात आणि वरून बाहेर पडणाऱ्या हवेच्या वेगात जातो, उरलेल्यातला घरगुती पंखा आणि मोटर मिळून फार तर तिसरा हिस्सा पकडतात. हातात ५० मिलिवॅट, सगळं छान जमून आलं तर १०० मिलिवॅटपर्यंत. एका लाल एलईडीपुरतं.

कोणाला वाटेल की मग जरा मोठा बांधू. बांधा, पण आकडा बघून. २० मीटर उंच टॉवर, म्हणजे सहा मजली इमारतीएवढा, त्यातून १० वॉटचा एक बल्ब पेटवायला, चांगली टर्बाइन लावून फक्त निम्मं नुकसान धरलं तरी, शंभर चौरस मीटरपेक्षा जास्त छप्पर लागतं. एक किलोवॅट हवा असेल तर जवळपास तीन एकर. बोत्सवानात २२ मीटर उंच आणि २ मीटर व्यासाचा टॉवर १६० चौरस मीटर छपरावर उभा केला होता, इराणमध्ये झंजानला १२ मीटरचा, चीनमध्ये वुहानला ८ मीटरचा, आणि हे सगळे प्रयोग मोजमापासाठी होते, वस्तीला वीज द्यायला नव्हते. कोणी व्हिडिओत छोटा टॉवर दाखवून घर चालतं म्हणत असेल तर त्याला फक्त छपराचं क्षेत्रफळ आणि टॉवरची उंची विचारा आणि वरचा गुणाकार करा, दोन मिनिटांत कळतं.

हे वाचूनही करायचं असेल तर पुढे चला.

स्टेप २: जागा आणि महिना

फेब्रुवारी ते मे हे महिने. पावसाळ्यात हे उभं ठेवायचंच नाही. शक्य असेल तर पहिला टॉवर जमिनीवर करा, अंगणात किंवा शेताच्या कडेला, कारण जमिनीत खुंट्या ठोकता येतात. गच्चीवर करायचा असेल तर स्लॅबला भोकं पाडू नका, वॉटरप्रूफिंगची वाट लागते आणि खालच्या मजल्यावर पावसात गळायला लागलं की मग भांडणं. सोसायटी असेल तर आधी विचारा.

विजेच्या तारा बघा. नियम सोपा आहे, पाइप कुठल्याही बाजूला आडवा पडला तरी तारेपासून लांब राहिला पाहिजे, म्हणजे २० फुटी पाइपला सगळीकडून निदान ३० फूट मोकळं. यात तडजोड नाही. सकाळी नऊ ते दुपारी चार सावली पडू नये, आणि शक्यतो वाऱ्याचा थेट मारा नसावा, कारण आडवा वारा छपराखालून आरपार गेला की सगळी गरम हवा घेऊन जातो.

स्टेप ३: टॉवर आधी, छप्पर नंतर

शेतीचा पीव्हीसी पाइप, २०० मिलिमीटरचा, २० फुटी. हा आख्खा मिळतो, सांधा नाही, हाच मोठा फायदा. वजन वीसेक किलो असतं त्यामुळे उभा करताना तीन-चार जण लागतात. पत्र्याचा डक्ट बनवून घेतला तरी चालतो पण सांधे हवाबंद करावे लागतात आणि पत्रा रात्री पटकन गार पडतो.

फॅब्रिकेटरकडून अँगलचं चौपायी स्टँड करून घ्या, फूटभर उंच, वर पाइप बसेल अशी रिंग. पाइपचं तोंड जमिनीपासून फूटभर वर राहिलं पाहिजे, हवा चारी बाजूंनी तिथे येऊन वर वळणार. पाइपची धार तशीच कापलेली ठेवली तर हवा त्या धारेवर आपटून घुसमटते, म्हणून तोंडाला रुंद होत जाणारा घेर हवा. तळ कापलेली प्लास्टिकची बादली उलटी, म्हणजे रुंद तोंड खाली, पाइपला बसवा आणि फटी सिलिकॉनने बुजवा. इतक्या छोट्या गोष्टीने वाऱ्याचा वेग वाढतो, कारण आपल्याकडे मुळात जोरच फार थोडा आहे. ६ मीटर उंची आणि आतल्या-बाहेरच्या हवेत २० अंशाचा फरक यातून तयार होणारा दाब फक्त ४ पास्कल, पाणी भरलेल्या नळीत अर्धा मिलिमीटरही पातळी हलणार नाही इतका. यातला जेवढा वाचवाल तेवढा पंख्याला.

पाइप बाहेरून काळा रंगवा. १९५ मीटरच्या टॉवरला भिंतीतून जाणाऱ्या उष्णतेची एवढी फिकीर नसते कारण आत हवा भरपूर असते, पण २०० मिलिमीटरच्या पाइपात हवेच्या मानाने भिंत खूप, आतली हवा वर जाता जाता गार पडते. काळ्या रंगामुळे दिवसा पाइप स्वतःच तापतो आणि ते नुकसान बऱ्यापैकी भरून निघतं.

आता ताण. विजेच्या खांबाला असतात तसे ताण, तीन दिशांना, दोन उंचीवर, एक १० फुटांवर आणि एक १७ फुटांवर, एकूण सहा. खुंट्या टॉवरपासून १० फूट लांब, म्हणजे तारा छपराच्या वरून जातात आणि मधे येत नाहीत. गॅल्व्हनाइज्ड वायर रोप वापरा, सुतळी आणि नायलॉनची दोरी नको, नायलॉन उन्हात सडतं आणि ताणलं की ढिलं होत जातं. प्रत्येक ताणाला टर्नबकल, म्हणजे घट्ट करता येतं. जमिनीवर लोखंडी खुंट्या तिरक्या ठोका, गच्चीवर वाळू किंवा काँक्रीट भरलेले ड्रम. तारांना रंगीत चिंध्या बांधा, मुलं पळताना दिसल्या पाहिजेत.

ताणाबद्दल मी इतकं का लिहितोय, तर मान्सानारेसचा तो टॉवर शेवटी यामुळेच पडला. ताणाच्या तारा गंजत गेल्या होत्या आणि १९८९ मध्ये वादळात टॉवर कोसळला. मुळात थोड्या वर्षांच्या प्रयोगासाठीच बांधलेला होता, त्या मानाने खूप चालला, पण तारांनी दगा दिला. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये दुपारी चारनंतर वळवाचं वादळ कसं येतं ते सगळ्यांना माहीत आहे. आभाळ भरून यायला लागलं की टॉवरपासून लांब राहायचं, त्या वेळी ताण घट्ट करायला जायचं नाही, विजा असतात.

स्टेप ४: तळ

छपराखाली सगळीकडे काळं पाहिजे. सगळ्यात सोपं म्हणजे शेततळ्याचा कागद, म्हणजे जाड काळं प्लास्टिक, ५०० मायक्रॉनचं, उरलेले तुकडे शेतकऱ्यांकडे पडलेले असतात. मल्चिंग पेपर पातळ पडतो, फडफडतो. कागदाखाली काय घालायचं हे तुम्हाला काय बघायचंय त्यावर ठरवा. सकाळी लवकर वारा सुरू व्हायला हवा असेल तर खाली थर्माकोल आणि त्यावर गोणपाट, मग काळा कागद, म्हणजे उष्णता खाली मुरत नाही. थर्माकोलवर काळा कागद थेट टाकू नका, जास्त तापला की थर्माकोल बसतं. आणि संध्याकाळनंतर किती वेळ चालतं ते बघायचं असेल तर खाली काहीच घालू नका, जमिनीलाच तापू द्या.

नवा कागद सुरुवातीला तापला की वास येतो. तीन-चार दिवस तसाच उन्हात तापू द्या, विशेषतः पुढे यात काही वाळवणार असाल तर.

स्टेप ५: छप्पर

काच जड, महाग आणि फुटते. पॉलिहाऊसचा २०० मायक्रॉनचा यूव्ही पेपर घ्या. साधं पारदर्शक प्लास्टिक स्वस्त दिसतं पण एका उन्हाळ्यात कडक होऊन तडकतं. मान्सानारेसलाही छपराचा मोठा भाग प्लास्टिकचा आणि थोडा काचेचा होता, आणि प्लास्टिक कडक होऊन फाटतं हा तिथला त्रासच होता.

सांगाडा बांबूचा किंवा पाऊण इंची पीव्हीसी पाइपचा. कडेला उंची दोन इंच आणि मध्यभागी टॉवरजवळ फूटभर, म्हणजे छप्पर मध्याकडे चढत जाईल. याचे दोन उपयोग, गरम हवा चढाने आपोआप मध्याकडे सरकते आणि अवकाळी पाऊस आला तर पाणी बाहेर ओघळतं. कडेची फट दोन इंचच का, तर नवखे लोक हमखास तिथे फूटभर मोकळं सोडतात, हवा भरपूर यावी म्हणून. पण हिशेब करा, चार बाजू मिळून १२ मीटर कड, त्यावर दोन इंच फट म्हणजे ०.६ चौरस मीटर, आणि पाइपचं तोंड फक्त ०.०३ चौरस मीटर. वीसपट झाली, आणखी उघडून फायदा काहीच नाही, उलट वारा आत घुसतो. वारा फारच असेल तर कडेपासून दोन फुटांवर गोणपाटाचा आडोसा उभा करा.

पेपर बादलीच्या घेराला जिथे मिळतो तिथे नीट चिकटवा, बादलीच्या बाहेरून. अल्युमिनियम टेप चांगली टिकते. इथे फट राहिली तर गरम हवा पाइपात न जाता बाहेर पळते आणि मग बाकी सगळं बरोबर असूनही पंखा हलत नाही.

आता अगरबत्ती लावा आणि छपराच्या कडेला धरा. दुपारी धूर आत ओढला गेला पाहिजे. पुढे जायच्या आधी वेगही मोजून घ्या, अगरबत्तीचा जुडगा पाइपच्या तोंडाशी धरायचा आणि दुसऱ्याने वर बघत धूर किती सेकंदांनी बाहेर येतो ते मोजायचं. ६ मीटरला चार सेकंद म्हणजे सेकंदाला दीड मीटर. पंख्याशिवाय दीड ते दोन मीटर मिळाले तर काम झकास झालंय. एकच्या खाली असेल तर फटी शोधा.

स्टेप ६: पंखा आणि जनरेटर

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. कॉम्प्युटरचा कूलिंग फॅन तसाच उलटा वापरायचा मोह होतो, पण त्याच्या आतले लोहचुंबक फिरायला अडखळतात आणि आपला वारा त्या अडखळण्याला पुरा पडत नाही, शिवाय त्यातल्या सर्किटमुळे सरळ वीज बाहेर येत नाही. स्टेपर मोटरचंही तेच. मोटर निवडायची परीक्षा बोटांनी होते, शाफ्ट दोन बोटांत धरून हळूच फिरवा, खटखट लागत असेल तर ठेवून द्या, लोण्यासारखा फिरला तर घ्या. जुन्या सीडी प्लेअरमधल्या छोट्या डीसी मोटर किंवा सोलर खेळण्यांत येणाऱ्या मोटर बऱ्या पडतात, कोरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) मिळाली तर उत्तमच.

पाती हलकी हवीत. फाइलच्या कव्हरचं जाड प्लास्टिक किंवा कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा, सहा पाती, मधे बाटलीचं झाकण. पाती मध्याजवळ जास्त तिरकी आणि टोकाकडे जरा आडवी, मध्याशी ४५ अंश आणि टोकाशी ३० अंश इथून सुरू करा. पाइपच्या भिंतीपासून सगळीकडे ३-४ मिलिमीटर अंतर, जास्त ठेवलं तर हवा तिथूनच निसटते. हा पंखा उघड्यावरच्या पवनचक्कीसारखा नाही, बंद पाइपात असल्यामुळे हवेला बाजूने जायला जागा नाही, म्हणून तो दाबाच्या फरकावर चालतो, धरणातल्या टर्बाइनसारखा. त्यामुळे पाती अरुंद आणि विरळ असण्यापेक्षा पाइप बऱ्यापैकी भरलेला बरा.

पंखा पाइपच्या अगदी बुडाशी, बादलीच्या वर दोन-तीन इंच. मोटर तीन पातळ पट्ट्यांवर मधोमध बसवा आणि पंखा संतुलित आहे का बघा, हाताने फिरवून सोडला की दरवेळी वेगळ्या जागी थांबला पाहिजे.

मिनिटाला दोन-अडीचशे फेरे मिळतील. एवढ्यावर छोटी मोटर साधारण पाव ते अर्धा व्होल्ट देते आणि लाल एलईडीला १.८ व्होल्ट लागतो, म्हणजे थेट जोडला तर पेटणार नाही, आणि पेटला नाही म्हणून निराश होऊन सोडून देणारे खूप आहेत. जूल थीफ नावाचं छोटं सर्किट असतं, एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर आणि फेराइट रिंगवर गुंडाळलेली तार, ते अर्ध्या-पाऊण व्होल्टवरून एलईडी पेटवतं. व्होल्टेज थोडं कमी पडलं तर तेवढ्याच फेऱ्यांत जास्त व्होल्ट देणारी मोटर शोधा. पण एलईडीच्या मागे लागण्याआधी मोजायला शिका, खरी गंमत तिथे आहे.

स्टेप ७: मोजमाप

लागणारं सामान: मल्टिमीटर, दोन थर्मामीटर, आणि १० ते २२० ओहमचे रेझिस्टर. थर्मामीटर स्वयंपाकघरातले डिजिटल चालतात, अर्डिनो (प्रोग्राम करता येणारं छोटं इलेक्ट्रॉनिक बोर्ड) येत असेल तर डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर. एक सावलीत बाहेर, एक बादलीच्या तोंडाशी, आणि दुसऱ्यावर छोटा फॉइलचा आडोसा, नाहीतर तो हवेचं नाही तर उन्हाचं तापमान दाखवतो.

सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत दर अर्ध्या तासाने लिहा: वेळ, बाहेरचं तापमान, आतलं तापमान, ढग, वारा, व्होल्टेज. रेझिस्टर लावून व्होल्टेज बघायचं, व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॉट. समजा २२ ओहमवर अर्धा व्होल्ट, तर ०.२५ भागिले २२, साधारण ११ मिलिवॅट. मग रेझिस्टर बदलत जा. जास्त ओहमला पंखा पळतो पण पॉवर कमी, कमी ओहमला पंखा जड होऊन थांबायला येतो, मधे कुठेतरी पॉवर सगळ्यात जास्त येते, ती तुमच्या टॉवरची जागा. मान्सानारेसला टर्बाइनवर लोड (म्हणजे वीज खेचणारं काही) नसताना वारा सेकंदाला १५ मीटर असायचा आणि लोड असताना ९, तुमच्याकडेही लोड दिला की वेग पडेल आणि आतलं तापमान थोडं चढेल, दोन्ही वहीत दिसलं पाहिजे.

एक चाचणी केल्याशिवाय कोणालाही आकडा सांगू नका. पाइपच्या वरच्या तोंडावरून वारा वाहिला की तो आतली हवा वर खेचतो, आणि मग ऊन नसतानाही पंखा फिरतो. म्हणून छपरावर पांढरी चादर टाका, अर्धा-पाऊण तास थांबा आणि बघा. पंखा तरीही तसाच फिरत असेल तर ती वाऱ्याची कमाई आहे, उन्हाची नाही. शांत दिवशीचे आणि वाऱ्याच्या दिवशीचे आकडे वेगळे ठेवा. कितीतरी छोट्या मॉडेलचे चकित करणारे आकडे या एका चादरीने जमिनीवर येतील.

रात्रीची उष्णता बघायची असेल तर काळ्या रंगवलेल्या पाण्याच्या बाटल्या आडव्या ओळीने छपराखाली ठेवा. एक लिटर पाणी ३० अंशांनी तापलं की ३५ वॉट-तास उष्णता साठवतं आणि सूर्य मावळल्यावर ती हळूहळू सोडतं. दुपारचा जोर कमी होतो पण संध्याकाळी उशिरापर्यंत हवा वाहत राहते. मोठ्या टॉवरसाठी श्लाइख यांनी हेच सुचवलं होतं, छपराखाली पाणी भरलेल्या काळ्या नळ्या.

स्टेप ८: आता तीच हवा वाळवणाला

वीज मोजून झाली, आकडे वहीत आले, की पंखा काढून ठेवा, पुढच्या कामात तो फक्त अडथळा आहे.

दिवसभरात या टॉवरने दिलेली वीज म्हणजे ५० मिलिवॅट सहा तास, ०.३ वॉट-तास. त्याच दिवशी छपराखालच्या हवेत गेलेली उष्णता निदान सात-आठ हजार वॉट-तास आहे. एक किलो पाणी वाफ करायला साधारण ६७० वॉट-तास लागतात, अर्धी उष्णता वाया गेली असं धरलं तरी दिवसाला पाच-सहा किलो पाणी उडतं. मिरची, आवळा, कांद्याच्या चकत्या, मेथी, कोथिंबीर, जे काय घरात वाळवता ते. बाहेर ३८ अंश असताना आत ५५ ते ६० मिळतात, वाळवणाला हव्यात तशा, हवा सतत सरकत असते, आणि वर छप्पर असल्यामुळे उघड्यावरच्या वाळवणासारखी धूळ, माश्या, पाखरं, बकऱ्या यांची फारशी राखण करावी लागत नाही. नुसतं छप्पर असतं तर आतली दमट हवा तशीच कोंडून राहिली असती, टॉवर ती उपसून काढतो, म्हणून ही चिमणी इथे खरोखर कामाला येते.

ट्रे स्टीलच्या किंवा नायलॉनच्या जाळीचे, काळ्या कागदापासून चार-सहा इंच वर, टॉवरच्या भोवती दोन-अडीच फुटांच्या पट्ट्यात, कारण हवा तिथे सगळ्यात गरम असते. माल काळ्या कागदाला टेकू देऊ नका. पालेभाज्या वाळवताना ट्रेच्या बरोबर वर छपरावर शेडनेट टाका, नाहीतर थेट उन्हाने हिरवा रंग उडतो. मिरचीला गरज नाही.

ट्रे गच्च भरायचे नाहीत. ओल्या मालावरून जाताना हवा गार होते, आणि टॉवरची ओढ ही आतली हवा बाहेरच्यापेक्षा किती गरम आहे यावरच चालते, म्हणजे माल जास्त झाला की हवा गार, ओढ कमी, दमटपणा अडकतो आणि बुरशी. पहिल्या दिवशी अर्धेच ट्रे भरा, अगरबत्ती धरून ओढ आहे ना बघा, मग वाढवा. काळा रंगवलेला पाइप इथे पुन्हा उपयोगी पडतो, गार झालेली हवा वर जाताना परत थोडी तापते. सुरुवातीला आणि रोज संध्याकाळी वजन करा, दोन दिवस वजन तेच आलं की माल झाला. संध्याकाळी ट्रे घरात किंवा झाकून, रात्रीच्या दवाने परत ओलावा धरतो.

एखाद्या बचत गटाला किंवा शाळेला हा टॉवर करून द्यायचा असेल तर मी म्हणेन वाळवणाचा म्हणूनच द्या आणि पंखा-मोटर वेगळ्या डब्यात द्या, विज्ञानाच्या तासाला लावता येईल असा. आणि वीजच हवी असेल तर ५० वॉटचं एक पॅनेल घ्या, ते या टॉवरपेक्षा काही शे पटींनी जास्त देईल, मोबाइल आणि दिवे दोन्ही चालतील.

स्टेप ९: मे संपताना

जूनच्या पहिल्या पावसाची वाट बघू नका, मेच्या शेवटच्या आठवड्यातच उतरवा. आधी छप्पर सोडा, मग ट्रे आणि काळा कागद, शेवटी टॉवर, आणि टॉवर उतरवताना ताण एकदम सोडायचे नाहीत, दोघांनी दोन दिशांचे धरायचे, तिसऱ्या दिशेचे सोडायचे आणि पाइप हळूहळू आडवा करायचा, खाली एक जण बुडाशी. पॉलिहाऊस पेपर धुऊन वाळवून गुंडाळा, घडी घातली तर घडीवर फाटतो, आणि अंधाऱ्या खोलीत ठेवा. वायर रोपवर गंजाचा एक ठिपका जरी दिसला तरी ती पुढच्या वर्षी वापरू नका, नवी आणा. टर्नबकलला ग्रीस लावून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.